घरच्या घरी बागेचं लाकडी बाकडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुतारकामाचा अनुभव शून्य. तरी जमेल का?

जमेल. बाकडं म्हणजे सरळ पट्ट्या आणि काटकोनातले सांधे. खण नाहीत, दारं नाहीत, बिजागऱ्या नाहीत. एक सूत (इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे झालं तरी बसणाऱ्याला कळत नाही. अजिबातच सवय नसेल तर आधी पाठ नसलेलं साधं बाकडं करा आणि त्यात हात बसल्यावर पाठीच्या बाकड्याकडे वळा. खाली जी मापं दिली आहेत ती पाठ आणि हात असलेल्या, तिघं बसतील अशा पाच फुटी बाकड्याची आहेत.

घरातल्या खुर्चीपेक्षा हे काम वेगळं आहे ते एकाच गोष्टीमुळे: हे उघड्यावर राहणार आहे. लाकूड भिजल्याने बिघडत नाही, भिजून ओलं राहिल्याने बिघडतं. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं, इथे पाणी थांबेल का? सांध्यात, स्क्रूच्या खड्ड्यात, पायाच्या तळाशी, दोन पट्ट्यांच्या मध्ये. खालची बरीच उत्तरं शेवटी तिथेच येऊन थांबतात.

उंची, खोली, पाठीचा कल किती ठेवायचा?

बैठकीची उंची जमिनीपासून १७ इंच. खोली १६ ते १७ इंच. पाठ जमिनीपासून ३४ इंचांपर्यंत. हात बैठकीच्या वर साधारण ८ इंच. पाठ सरळ उभी ठेवली तर पाच मिनिटांत माणूस उठून जातो. दहा अंशांचा कल पुरतो, म्हणजे बैठकीपासून वर १७ इंच जाताना पाठ तीन इंच मागे गेली पाहिजे. बैठकही मागच्या बाजूला पाऊण इंच उतरती ठेवा.

घरी वयस्कर माणसं आहेत. आणि आम्हाला मांडी घालून बसायची सवय आहे. काय बदलू?

या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि एकाच बाकड्यात बसत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी उंची १८-१९ इंच करा, खोली १६ च्या पुढे नेऊ नका आणि हात मजबूत ठेवा, कारण उठताना सगळा भार त्यांच्यावर येतो. मांडी घालून बसायचं असेल तर खोली २२ ते २४ इंच हवी आणि उंची १५ असली तरी चालते. तयार विकत मिळणारी बहुतेक बाकडी परदेशी मापांवर बेतलेली असतात, त्यांत मांडी मावत नाही. घरी करण्याचा खरा फायदा इथे आहे.

लाकूड कोणतं घ्यावं?

पैसे असतील तर साग. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्हींना तो दाद देत नाही, आणि वाळल्यावर फारसा वाकत-पिळत नाही. आपल्याकडे 'सीपी साग' म्हणून जो विकला जातो तो चंद्रपूर, गडचिरोली, बल्लारशा, आलापल्ली या पट्ट्यातला. 'सीपी' म्हणजे जुना मध्य प्रांत. इंग्रज गेले, प्रांत गेला, वखारीतलं नाव राहिलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातला साग गेला. बाजारात घाना, नायजेरिया, इक्वाडोर अशा नावांनीही साग मिळतो. तो स्वस्त असतो, पण बराचसा लागवडीतला, लवकर तोडलेला असतो आणि त्यात पांढरट कच्चा भाग जास्त निघतो.

आणि हेच खरं पाहायचं. 'साग आहे' एवढं पुरेसं नसतं. झाडाच्या मधला पिकलेला, सोनेरी-तपकिरी गाभा टिकतो. सालीकडचा फिकट भाग कोणत्याही स्वस्त लाकडाइतकाच कच्चा असतो, वाळवी तो आनंदाने खाते. फळीच्या एका कडेला पांढरट पट्टा दिसला तर तेवढा कापून काढायचा, किंवा वखारवाल्याला फळी बदलून मागायची. चांगल्या ऐनाची (हे झाड पुढे येतं) फळी कच्च्या सागाच्या फळीपेक्षा जास्त टिकते.

साग परवडत नाही. दुसरं काय?

कोकण, घाट, गोव्याकडे असाल तर ऐन आणि किंजळ. दोन्ही जड आणि कठीण, गावाकडच्या घरांच्या तुळया-वाशांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. ऐन म्हणजेच गोव्याची मट्टी. ऐन हातकरवतीला दमवतो आणि नीट वाळलेला नसेल तर तडे जातात, पण पायांसाठी उत्तम. फणसाचं लाकूड दिसायला देखणं, कामाला सोपं, उघड्यावर बऱ्यापैकी टिकतं.

देशावर बाभूळ सहज मिळते. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्या लाकडाची व्हायची ते बाकड्याला कमी पडणार नाही. अडचण एवढीच की पाच फूट सरळ बाभूळ शोधावी लागते. पायांना बाभूळ आणि पट्ट्यांना दुसरं काही, असा मेळ घाला. कडुनिंबाला कीड कमी लागते, पण गाठी फार.

शिवण हलकी आणि स्थिर, पण मऊ. छपराखाली ठेवणार असाल तर घ्या. आंबा उघड्यावर नको. स्वस्त असतो हे खरं, पण दोन पावसाळ्यांत काळा पडतो आणि भुंगा लागतो. रबरवुडही फक्त घरात.

मरीन प्लाय वापरला तर?

आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा प्लाय पाणी सोसतो, पण त्याच्या कापलेल्या कडा उघड्यावर उन्हापावसात सुटायला लागतात. शिवाय सलग पाटावर पाणी साचतं. नको.

वाडा पाडताना निघालेलं जुनं लाकूड कसं?

मिळालं तर सोडू नका. जुन्या चौकटी, तुळया, खणांच्या फळ्या यांचा साग कित्येक दशकं वाळलेला असतो. आता त्याला वाकायला काही उरलेलं नसतं. पुण्यात भवानी पेठेतला टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड-दारूखाना, नागपुरात लकडगंज या भागांत चौकशी केली की जुन्या मालाच्या वखारी सापडतात.

घेताना तीन गोष्टी बघा. टोकं हातोडीने ठोका, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. पिठासारखा भुसा गळतोय का ते पाहा. आणि घरी आणल्यावर कापण्याआधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा, कारण जुन्या तुळईत मोडलेला खिळा असतोच, आणि तो करवतीच्या पात्याची वाट लावतो. वर जुना ऑइलपेंट असेल तर तो घासताना मास्क लावा आणि ती धूळ बागेत टाकू नका. जुन्या रंगांत शिसं असे.

पॅलेटच्या फळ्यांचं बाकडं करणारे बरेच आहेत. बहुतेक पॅलेट पाइनचे असतात, उघड्यावर फार टिकत नाहीत. करायचंच असेल तर शिक्का बघा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

आवारात झाड पडलंय. त्याचंच बाकडं केलं तर?

करता येईल, पण आधी कागद. महापालिका-नगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ग्रामीण भागात साग, आंबा, फणस, खैर यांसारख्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो. झाड आपल्या जागेतलं आहे म्हणून आपलं, असं नसतं. साग गाडीत घालून सॉ मिलला नेताना वाहतूक परवाना विचारला जातो. वखारीतून घेतलेल्या लाकडाचीही पावती जपून ठेवा.

मग वाळवणं. ओल्या ओंडक्याच्या दीड इंची फळ्या पाडून, टोकांना रंग किंवा मेण फासून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, सावलीत पण वाऱ्यावर रचून ठेवायच्या. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब. यंदाचं पडलेलं झाड यंदाच बाकडं होत नाही.

वखारीत गेल्यावर नेमकं काय मागायचं?

लाकूड घनफुटावर विकतात. हिशोब सोपा आहे: रुंदी इंचात × जाडी इंचात × लांबी फुटात, भागिले १४४. साडेतीन इंच रुंद, एक इंच जाड, पाच फुटी पट्टी म्हणजे साडेसतरा भागिले १४४, म्हणजे ०.१२ घनफूट. हे घरी कागदावर करून जा. वखारीत हिशोब तोंडी आणि भराभर होतो.

या बाकड्याला लागणारा माल, कच्च्या मापात:

- बैठकीच्या पट्ट्या ५ आणि पाठीच्या ३: साडेतीन × एक इंच, ५ फूट
- पुढचे पाय २: अडीच × अडीच इंच, २४ इंच
- मागचे पाय २: सहा इंच रुंद, अडीच इंच जाड फळीतून, ३४ इंच
- पुढची-मागची आडवी पट्टी २: तीन × दीड इंच, ५ फूट
- बाजूच्या २ आणि मधला आधार १: तीन × दीड इंच, १८ इंच
- हात २: साडेतीन × एक इंच, २१ इंच

बेरीज सव्वादोन घनफुटांच्या जवळ जाते. गाठी, तडे, कापताना जाणारा भुसा धरून अडीच ते पावणेतीन घ्या. लांब, रुंद आणि बिनगाठीच्या मालाचा भाव चढा असतो, आणि आखूड तुकडे त्याच झाडाचे असूनही स्वस्त पडतात. पाय, हात, बाजूच्या पट्ट्या या सगळ्या तीन फुटांच्या आतल्या आहेत, तेव्हा त्यासाठी आखूड माल वेगळा मागा. पैसे वाचवायची सगळ्यात सोपी जागा हीच.

अजून एक. 'एक इंची' फळी रंधा मारून गुळगुळीत केली की सहा-सात सूतच उरते (आठ सूत म्हणजे एक इंच). साडेतीन इंची रुंदीही सव्वातीनवर येते. वर दिलेल्या मापांत हे धरलेलं आहे. वखारीच्या जवळच बहुधा मशीन रंधा असतो, चारही बाजू तिथूनच मारून आणा. हाताने पाच फुटी आठ पट्ट्या रंधणं हा व्यायाम आहे, ज्याला हौस असेल त्याने करावा.

लाकूड वाळलेलं आहे हे ओळखायचं कसं?

ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. टोचलं की आकडा येतो. १२ टक्क्यांच्या आसपास हवा. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी मोजाल तर तो आपोआप थोडा चढलेला दिसेल. मीटर नसेल तर एकाच मापाच्या दोन-तीन फळ्या उचलून पाहा, जी उगाच जड लागते ती ओली. टोकाचं ताजं कापलेलं अंग गालाला लावलं तर ओलं लाकूड गार लागतं. घरी आणल्यावर पंधरा दिवस घराच्या हवेत, पट्ट्या घालून, आडवं ठेवा आणि मगच कापा.

हत्यारं किती लागतील?

टेप, गुण्या (काटकोन तपासायला), पेन्सिल, दात बारीक असलेली हातकरवत, अर्धा इंची पटाशी (लाकडाची छिन्नी), लाकडी मोगरी, ड्रिल मशीन आणि निदान चार क्लॅम्प. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचा. जिगसॉ असली तर मागच्या पायांचा वाक कापायला बरं. क्लॅम्प महाग वाटतात म्हणून लोक टाळतात आणि मग सांधा हाताने दाबून धरत बसतात. क्लॅम्प परवडत नसतील तर नायलॉनच्या दोरीचा वेढा घालून त्यात काठी फिरवून आवळा, काम होतं.

पटाशी नवी आणली म्हणजे धारदार असते असं नाही. पाण्याच्या दगडावर धार लावल्याशिवाय भोक पाडायला बसू नका. बोथट पटाशी जोर मागते आणि जोरात घसरते.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून कापू का? सगळे तसंच करतात.

नाही. ते यंत्र त्यासाठी नाही, पातं अडकलं की हातातून उडतं. गोल फिरणाऱ्या कोणत्याही यंत्रावर हातमोजे, ओढणी, लोंबणारी बाही नको. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. सागाचा बारीक भुसा अनेकांच्या त्वचेला आणि घशाला झोंबतो.

सांधा कोणता करायचा? नुसते स्क्रू मारले तर?

नुसत्या स्क्रूंवर पाय उभे केले तर वर्षभरात बाकडं डुलायला लागेल. माणूस बाकड्यावर नुसता बसत नाही. तो टेकतो, रेलतो, कडेला सरकतो, मुलं हातावर चढतात. हे सगळे धक्के आडवे असतात आणि ते स्क्रूच्या आट्यांवर येतात.

पाय आणि आडवी पट्टी यांच्यासाठी भोक आणि कुसू हाच सांधा करा. पायात आयताकृती भोक, पट्टीच्या टोकाला त्याच मापाची जीभ. अशा आठ जागा आहेत, चार पाय आणि प्रत्येकात दोन. पट्टी दीड इंची (रंधून पावणेदोन सूत कमी) असेल तर कुसू चार सूत जाड, सव्वा इंच लांब. भोक आधी पाडा, कुसू नंतर त्याला बेतून करा. कुसू बारीक करता येतं, पण भोक लहान करता येत नाही.

भोकासाठी पायावर रेघा मारून, चार सुताच्या ड्रिल बिटने ओळीने भोकं पाडा. बिटवर सव्वा इंचापेक्षा किंचित जास्त अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली कळते. मग मधले कंगोरे पटाशीने साफ करा. पटाशीची सपाट बाजू भिंतीकडे, तिरकी बाजू आत. एका पायात दोन बाजूंनी येणारी भोकं आत एकमेकांना भिडतात. तिथे दोन्ही कुसवांची टोकं ४५ अंशात कापा म्हणजे दोघांनाही जागा मिळते.

कुसू हाताच्या दाबाने अर्धं आत जावं आणि उरलेलं मोगरीच्या दोन-तीन हलक्या ठोक्यांनी. सुळकन गेलं तर सैल आहे, त्याच्या गालाला पातळ लाकडाची कपची चिकटवून पुन्हा तासा. दणके मारावे लागले तर थांबा, पाय उभा फुटेल.

आता खुंटी, आणि इथे एक खुबी आहे. पायातून, भोकाच्या आरपार जाईल असं तीन सुती छिद्र पाडा. कुसू आत घालून, छिद्रातून बिटच्या टोकाने त्यावर खूण करा. कुसू बाहेर काढा आणि त्यावरचं छिद्र खुणेपासून अर्धा सूत पट्टीच्या बाजूला सरकवून पाडा. सगळं परत बसवून खुंटी ठोकली की ती त्या सरकलेल्या छिद्रातून वाट काढताना पट्टीला पायाकडे खेचते. सांधा आवळला जातो आणि डिंक सुटला तरी आवळलेलाच राहतो. खुंटी चिवट लाकडाची किंवा पक्क्या बांबूची घ्या, टोकाला निमुळती करा.

हे अवघड वाटत असेल तर ८ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, दोन्हीकडे वायसर, प्रत्येक जागी दोन. दिसायला रांगडं, पण मजबूत. दरवर्षी उन्हाळ्यात नट आवळावे लागतील, कारण लाकूड आकसतं.

मागच्या पायाचा वाक कसा काढायचा?

पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा पाय काढून कापून घ्या. सहा इंची फळीवर तो ठेवून फिरवून बघा, फळीच्या रेषा वाकाच्या जागी शक्य तितक्या पायाच्या लांबीने जातील अशी जागा शोधा. रेषा तिथे आडव्या तुटल्या तर पाय एक दिवस त्याच रेषेवर फुटतो. गाठ वाकावर अजिबात नको. रुंद फळी मिळाली तर दोन पाय एकमेकांच्या कुशीत बसवून कापता येतात. भोकं मात्र वाक कापण्याआधी पाडा, फळी सरळ असताना ती क्लॅम्पमध्ये नीट धरता येते.

स्क्रू कोणते?

स्टेनलेस स्टील, ३०४ दर्जाचे. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा असं समुद्राजवळ घर असेल तर ३१६. साधा लोखंडी स्क्रू गंजतो आणि साग-ऐनासारख्या लाकडात त्याच्याभोवती काळा डाग पसरतो. आधी तीन मिलिमीटरचं छिद्र पाडा, स्क्रूला मेणबत्ती घासा, मग फिरवा. स्क्रूचं डोकं पट्टीशी सपाट ठेवा. खोल बुडवून वर लांबी (पुटी) भरायची पद्धत घरातल्या फर्निचरला ठीक आहे. बाहेर ती लांबी सुटते आणि खड्ड्यात पाणी बसतं.

डिंक?

नेहमीचा पांढरा फेविकॉल उघड्यावर टिकत नाही. पाण्यात टिकणारा प्रकार घ्या किंवा इपॉक्सी. साग तेलकट असल्याने डिंक लावण्याआधी सांध्याची अंगं थिनरने पुसून घ्या आणि लगेच चिकटवा.

चौकट काटकोनात आली हे कसं कळेल?

कर्ण मोजा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं सारखी आली म्हणजे काटकोन साधला. फरक असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून हळूहळू ओढा. डिंक ओला असतानाच करा, नंतर काही होत नाही.

चारही पाय टेकत नसतील तर बाकडं खऱ्या सपाट फरशीवर ठेवा, अधांतरी पायाखाली पातळ चकत्या घालून डुलणं थांबवा, मग एका छोट्या लाकडी तुकड्यावर पेन्सिल धरून चारही पायांभोवती सारख्या उंचीवर रेघ मारा आणि त्या रेघेवर कापा. एकच पाय अंदाजाने तासत बसलात तर बाकड्याचा पाट होईल.

पट्ट्यांमध्ये फट किती? मुलांची बोटं अडकतील का?

दोन सूत. पाणी, वाळलेली पानं, माती खाली जायला एवढी पुरते आणि बोट जात नाही. फट सारखी यावी म्हणून दोन सुती प्लायचे तुकडे मध्ये धरून पट्ट्या बसवा. पाच फुटांत मध्ये एक आधार हवाच, नाहीतर सहा-सात सुती पट्टी तिसऱ्या माणसाच्या वजनाने लवते. बसवण्याआधी प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडा गोल करा. मांडीला टोचत नाही हे एक कारण. दुसरं असं की धारदार कडेवर पॉलिश ठरत नाही, तिथूनच पहिल्यांदा उडतं.

पाय जमिनीत गाडले तर बाकडं हलणार नाही ना?

हलणार नाही, पण पायही राहणार नाहीत. लाकडाचं कापलेलं टोक पाणी वर ओढून घेतं, आणि मातीला लागलेलं टोक वर्षभर ओलंच असतं. जमिनीच्या वरच्या इंच-दोन इंचात, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे कुजणं सर्वांत वेगाने होतं.

जुन्या वाड्यांत खांब थेट जमिनीवर कधी ठेवत नसत, खाली दगडी तळखडा असायचा. तेच करा. प्रत्येक पायाखाली शहाबादी किंवा ग्रॅनाइटचा तुकडा, मातीपेक्षा इंचभर वर. पायाची टोकं पातळ इपॉक्सीत बुडवून ठेवा, लाकूड ते पीत राहील तोवर पुन्हा लावा. खालच्या कडा तिरक्या तासा म्हणजे ओढताना कपची निघत नाही. बाकडं खरंच हलू नये असं वाटत असेल तर दगडात बसवलेली स्टेनलेसची पट्टी पायाला बोल्टने जोडा, पायाचं टोक दगडापासून दोन सूत वर राहील अशी.

पॉलिश, व्हार्निश, तेल, रंग: काय लावू?

फ्रेंच पॉलिश नको. चपड्याची (लाखेची) ती चमक घरात शोभते, बाहेर पहिल्या पावसात पांढरी पडते. मेलामाइनही घरातलंच. उरतात तीन पर्याय.

तेल हा माझा पहिला पर्याय आहे. रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून जे मिळतं ते जवसाचं उकळलेलं तेल. पहिला हात निम्मं तेल निम्मं टर्पेंटाइन असा पातळ, पुढचे दोन कमी टर्पेंटाइनचे. प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, नाहीतर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. दोन हातांत एक दिवस, दमट हवेत दोन. तेलाचा गुण असा की ते सोलत नाही, फक्त उतरतं. पुढच्या वर्षी धुऊन, वाळवून वरून एक हात दिला की झालं.

इथे एक गंभीर सूचना. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा, मग टाका.

बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जहाजी व्हार्निश जास्त टिकतं आणि जास्त चमकतं. पण कुठेतरी चीर पडली की पाणी आत शिरतं आणि थराखाली अडकतं. मग पापुद्रे निघतात आणि सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. आंबा-शिवणीसारख्या लाकडाला आणि छपराखालच्या जागेला प्रायमर आणि ऑइलपेंटसुद्धा चांगला. सागाला रंग फासू नये असं मला वाटतं, पण बाकडं तुमचं आहे.

काहीही लावा, पट्ट्यांची खालची बाजू आणि कापलेली टोकं विसरू नका. जोडणीआधीच प्रत्येक तुकड्याला एक हात देऊन ठेवला तर सांध्यांच्या आतलं सोडून सगळीकडे पोचता येतं.

वाळवीसाठी काय करू?

दगडावरचे पाय आणि पक्का गाभा, अर्धं काम इथेच होतं. पायावरून चढणारी मातीची बारीक नळी दिसते का ते महिन्यातून एकदा वाकून पाहा. दिसली तर मोडा आणि ती कुठून येते ते शोधा. बागेत कुठेतरी पुरलेला लाकडाचा तुकडा किंवा जुना बुंधा सापडेल. कच्च्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं द्रावण पाजता येतं, पण ते पावसाने धुऊन जातं. वर तेल किंवा रंग असेल तरच उपयोग. जळकं ऑइल फासू नका. कपड्यांना लागतं, मातीत उतरतं आणि वास जात नाही.

बांधायचा चांगला महिना कोणता? पावसाळ्यात झाकून ठेवू का?

दिवाळीनंतर सुरू करा. हवा कोरडी, तेल लवकर वाळतं. मार्च-एप्रिलच्या भर उन्हात तेल लावू नका, वरच्यावर सुकतं.

पावसाळ्यात पडवीत, ओट्यावर उचलून आणता आलं तर उत्तम. पूर्ण बाकडं साधारण तीस-पस्तीस किलो भरतं, दोघांना उचलतं. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते. ताडपत्री टाकायचीच तर फक्त वर, बाजू मोकळ्या. आंबोली-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी बाहेर ठेवलंत तर शेवाळ येणारच. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, रेषांच्या दिशेने घासायचं. प्रेशर वॉशरने लाकडाचे मऊ धागे निघून जातात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

सोसायटीच्या गच्चीवर ठेवता येईल?

वजनाचा प्रश्न नाही, परवानगीचा आहे. लेखी घ्या. पायाखाली रबराचे पॅड लावा म्हणजे वॉटरप्रूफिंगला ओरखडा जात नाही.

वर्षभरात सागाचा रंग करडा पडला. खराब झालं का?

नाही. उन्हाने वरचा अगदी पातळ थर करडा होतो, आतला साग तसाच असतो. सोनेरी रंग परत हवा असेल तर १२० च्या पेपरने हलकं घासून तेल द्या, आणि दरवर्षी देत राहा. करडा आवडत असेल तर काहीच करू नका. नखाने दाबून बघा: खड्डा पडला नाही तर लाकूड ठणठणीत आहे.

एक पट्टी कुजली. सगळं उचकटावं लागेल?

पट्ट्या चौकटीला डिंकाने चिकटवल्या नसतील तर नाही, आणि चिकटवायच्या नसतातच. स्क्रू काढा, पट्टी सोडवा, तिच्यावरून नव्या पट्टीवर छिद्रांच्या खुणा करा. पट्टी काढलीच आहे तर खालच्या आधाराची वरची कड तपासा, कारण पाणी तिथे थांबल्यामुळेच बहुधा ती कुजलेली असते. लाकूड मऊ लागलं तर तेवढं तासून, वाळवून, इपॉक्सी लावा आणि मग नवी पट्टी बसवा. नवी पट्टी जुन्यांमध्ये एखादं वर्ष उठून दिसेल.